सिस्टिक फायब्रोसिस, लग्न आणि मूल: एका तरुणाच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा. वय २७. सातव्या वर्षी सिस्टिक फायब्रोसिसचं (सीएफ, म्हणजे फुप्फुसं आणि स्वादुपिंडाच्या नळ्या घट्ट स्रावाने तुंबवणारा जन्मजात आजार) निदान झालं. जेवणाबरोबर एन्झाइमच्या कॅप्सूल, नेब्युलायझर, सकाळ-संध्याकाळ छातीची फिजिओ, वर्षातून एखाद-दोनदा शिरेतून अँटिबायोटिक, एवढं सांभाळून नोकरी चालू आहे. घरी लग्नाचं बघतायत आणि मामाच्या मुलीचं नाव पुढे आलंय. त्याआधी म्हणून वीर्यतपासणी करून घेतली, तर अहवालात शुक्राणू शून्य. जवळच्या डॉक्टरांनी ‘ताकदीसाठी’ टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं लिहून दिली. विचारणं असं की मी पुरुष म्हणून कमी आहे का, मला मूल होईल का आणि मुलीकडच्यांना किती सांगायचं?

आधी त्या इंजेक्शनांचं बोलू, कारण तेवढंच घाईचं आहे. सुरू केली नसतील तर करू नका. केली असतील तर पुढचं घेण्याआधी पुरुष वंध्यत्वाचं काम करणाऱ्या यूरॉलॉजिस्टला किंवा अँड्रॉलॉजिस्टला दाखवा. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळालं की मेंदूखालची पिट्यूटरी ग्रंथी आपले एलएच आणि एफएसएच हे हार्मोन सोडणं कमी करते, आणि त्यांच्या जोरावर चालणारं वृषणातलं शुक्राणू बनवण्याचं काम मंदावतं. कित्येकांमध्ये ते बंदच पडतं. इंजेक्शनं थांबवल्यावर गाडी पूर्वपदावर यायला काही महिने लागतात, कधी वर्षही. तुमच्या वृषणात शुक्राणू बनत असण्याची शक्यता फार मोठी आहे आणि मूल हवं असेल तर तेच तुमचं भांडवल आहे. काही सीएफ रुग्णांमध्ये टेस्टोस्टेरॉन खरोखर कमी असतं. वजन कमी राहिलेलं असतं, स्टिरॉइड चाललेली असतात, वयात यायलाच उशीर झालेला असतो. पण ते सकाळी रक्त देऊन, दोन वेगवेगळ्या दिवशी मोजून ठरवायचं. कमी निघालंच, तरी मूल हवं असणाऱ्या पुरुषाला वेगळ्या प्रकारची औषधं देता येतात. नुसता ‘शून्य’ हा आकडा पाहून इंजेक्शन लिहिणं मला मान्य नाही.

आता तो शून्य का आला ते. सिस्टिक फायब्रोसिस ज्या जनुकातल्या दोषामुळे होतो ते सीएफटीआर जनुक सातव्या गुणसूत्रावर आहे. १९८९ मध्ये ते सापडलं. या जनुकाच्या प्रथिनामुळे शरीरातल्या नळ्यांच्या अस्तरातून क्षार आणि पाणी नीट ये-जा करतं. ते बिघडलं की फुप्फुसात बेडका घट्ट होतो, स्वादुपिंडाच्या नळ्या तुंबतात. पुरुषांमध्ये याच बिघाडाचा फटका शुक्रवाहिनीला बसतो. नसबंदीत जी नळी कापून बांधतात, तीच ही. सीएफ असलेल्या सुमारे ९७-९८ टक्के पुरुषांमध्ये ती दोन्ही बाजूंना नसतेच, किंवा दोऱ्यासारखी आणि बंद असते. हे आईच्या पोटात असतानाच घडलेलं असतं. तुमच्या पथ्यात, व्यायामात किंवा औषधात काही चुकलं म्हणून नव्हे. शुक्राणू तयार होतात, बाहेर पडायला वाट नसते, आणि शरीर ते जिरवून टाकतं.

तुमचा अहवाल पुन्हा काढा आणि शुक्राणूंच्या आकड्याखेरीज बाकीच्या ओळी बघा. वीर्याचं प्रमाण किती होतं? जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत १.४ मिलिलिटर ही खालची मर्यादा आहे. शुक्रवाहिनी नसलेल्यांमध्ये ते बहुधा १ मिलिलिटरच्या आतच भरतं, पातळ पाण्यासारखं असतं, पीएच आम्लाकडे झुकलेला असतो आणि फ्रुक्टोज सापडत नाही. कारण वीर्याचा मोठा वाटा ज्या वीर्याशयांतून येतो, ती वीर्याशयंही शुक्रवाहिनीबरोबरच खुरटलेली असतात. हे चित्र, जोडीला नॉर्मल एफएसएच आणि भरलेली वृषणं, असं असेल तर निदान जवळपास झालं. उरलेलं काम बोटांचं. अनुभवी डॉक्टरला अंडकोषाच्या वरच्या भागात चाचपून नळी आहे की नाही ते एका मिनिटात कळतं. मात्र नमुना दोन ते तीन आठवड्यांच्या अंतराने दुसऱ्यांदा तपासून घ्या आणि लॅबला सांगा की नमुना सेंट्रिफ्यूज करून खालचा गाळ बघा. नुसतं निदान करण्यासाठी वृषणाची बायोप्सी कुणी सुचवली तर नम्रपणे नाही म्हणा. तसंच ‘शुक्राणू वाढवणाऱ्या’ पुड्या, काढे, महिनोन् महिने चालणाऱ्या गोळ्या. वाट नसताना उत्पादन वाढवून काय होणार?

पुरुष म्हणून कमी असण्याचा प्रश्न मला जवळजवळ प्रत्येक सीएफ रुग्ण विचारतो, बहुतेक वेळा आईवडील खोलीबाहेर गेल्यावर. इच्छा, ताठरता, वीर्यपतनाच्या वेळचं सुख यांपैकी काहीही त्या नळीवर अवलंबून नसतं. वीर्य थोडं येतं, एवढाच फरक. जोडीदाराला तो जाणवेलच असंही नाही. अडचणी येतात त्या इतर बाजूंनी. धाप लागते, मध्येच खोकल्याची उबळ येते, आणि तरुण मुलं लाजेपोटी जवळीकच टाळायला लागतात. यावर उपाय साधे आहेत. छातीची फिजिओ करून बेडका मोकळा झाल्यानंतरची वेळ निवडा. डॉक्टरांनी दम मोकळा करणारा पंप दिला असेल तर तो आधी घ्या. पोट भरून जेवल्यावर लगेच नको. छातीवर दाब येणार नाही अशी स्थिती बघा. घरी ऑक्सिजन लागत असेल तर तो चालू ठेवायला काहीच हरकत नाही. घामातून तुमचं मीठ इतरांपेक्षा जास्त जातं, म्हणून उन्हाळ्यात उशाशी पाणी असू द्या आणि जास्तीचं मीठ डॉक्टरांनी सांगितलं असेल तसं घ्या. खोकल्यातून नुकतंच रक्त पडलं असेल तर मात्र डॉक्टर हो म्हणेपर्यंत थांबा.

ताठरता खरोखरच कमी झाली तर तेवढ्यावरून ‘मनाचं आहे’ म्हणून कुणी वाटेला लावलं तर पटवून घेऊ नका. आधी साखर तपासा, कारण सीएफमध्ये वय वाढेल तसा मधुमेह पुष्कळांना होतो आणि तो नसा-रक्तवाहिन्यांवर परिणाम करतो. नैराश्य हेही एक कारण असतं आणि त्यावर उपचार आहेत. सिल्डेनाफिलसारखी गोळी दुकानातून परस्पर आणू नका. बुरशीच्या त्रासासाठी तुम्हाला इट्राकोनॅझोल चालू असेल, किंवा क्लॅरिथ्रोमायसिन दिलेलं असेल, तर सिल्डेनाफिलचं रक्तातलं प्रमाण बरंच चढतं. नायट्रेट गटाच्या हृदयाच्या औषधांबरोबर तर ती गोळी जीवावर बेतू शकते.

बायकोला माझ्या छातीतला जंतू लागेल का, हेही विचारतात. फुप्फुसं निरोगी असलेल्या माणसाला स्यूडोमोनाससारख्या जंतूचा अशा जवळिकीतून धोका मानत नाहीत, चुंबनातूनही नाही. दोन सीएफ रुग्णांनी मात्र एकमेकांपासून अंतर राखायचं असतं. आणि शून्य शुक्राणू म्हणजे कंडोमची गरज नाही, असंही समजू नका. गुप्तरोगांना नळी असण्या-नसण्याशी देणंघेणं नाही. शिवाय उरलेल्या दोन-तीन टक्क्यांत नळी शाबूत असते. ३८४९ अधिक १० केबी नावाचा एक जनुकदोष असलेल्या पुरुषांमध्ये हे विशेष आढळलं आहे. म्हणून दोन तपासण्यांत शून्य आल्याशिवाय कुणाही सीएफ रुग्णाला मी ‘गर्भनिरोधक नको’ असं सांगत नाही.

आता मूल. नैसर्गिकरीत्या, किंवा गर्भाशयात वीर्य सोडण्याच्या आययूआयने, तुमच्या बाबतीत होणार नाही. पण बारीक सुईने वृषणाला लागून असलेल्या एपिडिडिमिसमधून शुक्राणू काढता येतात. याला पेसा म्हणतात. तिथून नाही मिळाले तर थेट वृषणातून, ते टेसा. मग प्रयोगशाळेत पत्नीच्या एकेका बीजांडात एकेक शुक्राणू सोडतात. ते इक्सी. या तंत्राने पहिलं बाळ १९९२ मध्ये जन्मलं. तोवर शुक्रवाहिनी नसलेल्या पुरुषासाठी फारसं काही करता येत नव्हतं. निर्मिती चांगली असल्यामुळे दहातल्या नऊहून अधिक जणांमध्ये वापरण्याजोगे शुक्राणू मिळतात. त्यामुळे पुढचं यश तुमच्यापेक्षा पत्नीच्या वयावर आणि तिच्या बीजांडांवर जास्त ठरतं. पहिल्याच खेपेला होईल असं कुणी छातीठोक सांगत असेल तर सावध व्हा. एका खेपेचा खर्च लाखांत जातो.

सुईचं हे काम जागा बधिर करून होतं, आणि तुमच्यासारख्यांना पूर्ण भूल टाळता येत असेल तर मी टाळतोच. छाती शांत असेल अशा काळात तारीख ठरवावी. बेडका वाढलाय, ताप आहे, अशा वेळी पुढे ढकलावी. सपाट झोपल्यावर खोकला येतो हे आधीच सांगा म्हणजे डोक्याकडची बाजू उंच ठेवतील. नंतर दुखेल ते दोन-तीन दिवस, घट्ट लंगोट किंवा सपोर्टर वापरून कमी होतं. वेदनाशामक मात्र विचारून घ्या. अमिकॅसिन किंवा कोलिस्टिन ही अँटिबायोटिक चालू असताना डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन मूत्रपिंडाला महागात पडू शकतात आणि बेडक्यातून रक्त पडत असेल तेव्हाही ती नकोत. जास्तीचे शुक्राणू मिळाले तर गोठवून ठेवायला सांगा, म्हणजे पुन्हा सुई लागत नाही.

इथवरचं कुठलंही चांगलं वंध्यत्व केंद्र तुम्हाला सांगेल. माझ्या मते तुमच्या बाबतीत खरा निर्णय ज्या तपासणीवर अडलाय ती तुमची नाहीच. होणाऱ्या पत्नीची सीएफटीआर जनुकाची तपासणी आधी, बाकी सगळं नंतर.

कारण असं. या जनुकाच्या प्रत्येकाकडे दोन प्रती असतात. तुमच्या दोन्ही सदोष आहेत, म्हणून आजार आहे. तुमच्या प्रत्येक मुलाला त्यातली एक जाणार, यात शक्यता वगैरे काही नाही. दुसरी प्रत आईकडून येणार. तिच्या दोन्ही प्रती चांगल्या असतील तर मूल वाहक असेल, पण त्याला तुमचा आजार होणार नाही. ती स्वतः वाहक असेल, म्हणजे एक प्रत सदोष असूनही तिला काहीही त्रास नसेल, तर प्रत्येक गरोदरपणात मुलाला सीएफ होण्याची शक्यता निम्मी. युरोपीय वंशाच्या लोकांत २५ मागे १ वाहक धरतात. म्हणजे तिथे सीएफ असलेल्या पुरुषाने अनोळखी मुलीशी लग्न केलं तर मुलाला आजार होण्याची शक्यता ५० मध्ये १. आपल्याकडे वाहकांचं प्रमाण त्याहून कमी मानतात.

आता मामाच्या मुलीचा हिशेब करू. तुमची आई नक्की वाहक आहे, त्याशिवाय तुम्हाला आजार झाला नसता. तिला तो दोष तिच्या आईकडून नाहीतर वडिलांकडून आला. म्हणजे तिच्या सख्ख्या भावाकडे तो असण्याची शक्यता निम्मी, आणि त्याच्या मुलीकडे पाव. तुमच्या मुलाला सीएफ होण्याची शक्यता आठात एक. ५० मध्ये १ आणि ८ मध्ये १, यातलं अंतर तुम्हीच बघा. मामाच्या मुलीवर पहिला हक्क सांगणाऱ्या आपल्या समाजात हे कुणाला रुचत नाही, पण गणित बदलत नाही. यावरून लग्न मोडा असं मी म्हणत नाही. तिची तपासणी झाली आणि तिच्यात तुमच्या आईकडचा दोष नाही असं निघालं, तर ती तुमच्यासाठी बाहेरच्या कुठल्याही मुलीसारखीच झाली. उलट नात्यातली असल्याने नेमका कोणता दोष शोधायचा हे माहीत असतं. तरी तेवढ्यावर थांबू नका. तिच्या आईकडून, म्हणजे मामीकडून, वेगळाच दोष आलेला असू शकतो.

कोणती तपासणी, हा मुद्दा इथे फार महत्त्वाचा आहे आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. युरोपात सीएफच्या सदोष प्रतींपैकी दोन तृतीयांशाहून अधिक एकाच प्रकारच्या असतात, एफ ५०८ डेल. त्यामुळे तिकडे ठरावीक दोषांची यादी तपासली तरी बरंच काम भागतं. भारतीय रुग्णांमध्ये त्या एका दोषाचा वाटा बराच कमी आणि बाकीचे दोष विखुरलेले. म्हणून स्वस्तातली यादीवजा तपासणी ‘निगेटिव्ह’ आली तर त्यावर मी विसंबत नाही. पूर्ण जनुकाचं सिक्वेन्सिंग मागा, त्यात जनुकाचा तुकडाच गळालेला किंवा दुप्पट झालेला असेल तर तोही सापडेल असं बघा, आणि ५टी नावाच्या बदलाचा उल्लेख अहवालात स्वतंत्रपणे असू द्या. हा बदल सौम्य मानला जातो, पण मोठ्या दोषाबरोबर जोडीला आला तर मुलामध्ये शुक्रवाहिनी नसण्यापासून छातीच्या त्रासापर्यंत काहीही होऊ शकतं. अहवाल जनुकतज्ज्ञाकडून समजून घ्या. इंटरनेटवर त्या अक्षरांचा अर्थ शोधत बसाल तर रात्रीची झोप जाईल. आणि इतकं सगळं करूनही धोका अगदी शून्यावर येत नाही. फार खाली जातो, एवढं खरं.

ती वाहक निघाली तर? तरीही वाटा आहेत. इक्सी करणारच आहात, तर तयार झालेल्या गर्भांच्या काही पेशी तपासून आजार नसलेला गर्भ निवडता येतो. यासाठी तुमचे आणि तिचे नेमके दोष माहीत असावे लागतात, तयारीला वेळ लागतो आणि खर्च बराच वाढतो. किंवा गर्भ राहिल्यावर तिसऱ्या महिन्यात वारेचा नमुना, नाहीतर सोळाव्या आठवड्यानंतर गर्भजल तपासतात. लिंगनिदानविरोधी कायद्याने अशा जनुकीय आजारांच्या तपासणीला नोंदणीकृत केंद्रात परवानगी दिलेली आहे. मुलगा की मुलगी हे मात्र कुणी सांगणार नाही आणि तुम्हीही विचारू नका.

दात्याचे शुक्राणू हाही मार्ग आहे. घरात हमखास कुणीतरी म्हणतं, ‘भावाचेच घ्या, रक्त आपलंच.’ २०२१ च्या एआरटी (सहाय्यित प्रजनन तंत्रज्ञान) कायद्यानुसार दाता नोंदणीकृत बँकेमार्फतच घ्यावा लागतो. आणि कायदा बाजूला ठेवला तरी सीएफ रुग्णाचा निरोगी भाऊ वाहक असण्याची शक्यता तीनात दोन असते, म्हणजे ज्या कारणासाठी दाता शोधायचा तेच कारण परत घरात. (तुमच्या भावंडांनीही आपापल्या लग्नाआधी तपासून घ्यावं, हे जाता जाता.) दत्तक घ्यायचं मनात असेल तर २०२२ च्या दत्तक नियमांत पालकांना जीवघेणा आजार नसावा अशी अट आहे. सीएफचं नाव वाचून एखादा अधिकारी बिचकू शकतो. तुमच्या छातीच्या डॉक्टरांचं सविस्तर पत्र, फुप्फुसाच्या क्षमतेच्या मागच्या काही वर्षांच्या आकड्यांसह, तिथे उपयोगी पडतं.

सांगायचं किती, याचं माझं उत्तर: मुलीला सगळं, आणि होकार देण्याआधी. मध्यस्थामार्फत नाही, चिठ्ठीतून नाही. ‘छातीचा जुना त्रास आहे’ हे सांगणं नव्हे, ती सारवासारव झाली. मी वकील नाही, पण इतकं माहीत आहे की हिंदू विवाह कायद्याच्या बाराव्या कलमात नपुंसकता म्हणजे संभोगाची असमर्थता, मूल न होणं त्यात बसत नाही. पण त्याच कलमात महत्त्वाची गोष्ट लपवून मिळवलेल्या संमतीचाही विचार आहे. कायदा राहू द्या, तुमच्या नेब्युलायझरबरोबर जी रोज राहणार आहे, तिला पुढची दहा वर्षं कशी असू शकतात ते कळायला हवं. दवाखान्याच्या वाऱ्या, औषधांचा खर्च, कधीतरी होणारी भरती. मूल झाल्यावर तेही सांभाळून तुमची फिजिओ कशी जमणार, हेही आत्ताच बोला.

तुमच्याकडे नातं असल्याने थोडी वेगळी अडचण येईल. मुलीची तपासणी करा म्हटलं की मामाला वाटतं आमच्या घराण्यात दोष काढतायत, आणि घरात सगळा राग येऊन पडतो तुमच्या आईवर. मी अशा वेळी दोघांना आणि दोन्हीकडच्या एकेका वडीलधाऱ्याला एकत्र बोलावतो आणि पहिलंच वाक्य हे सांगतो की दोष आईकडून एक आणि वडिलांकडून एक असे दोन आल्याशिवाय हा आजार होत नाही. वडिलांचा वाटा अर्धा आहे हे ऐकल्यावर खोलीतलं वातावरण बरंच निवळतं. तपासणी मुलीच्या स्वतःच्याही कामाची आहे, तुमचं जमलं नाही आणि ती दुसरीकडे गेली तरी. पण ती करायची की नाही हा निर्णय तिचा, आणि अहवाल पहिल्यांदा तिच्या हातात.

नवीन औषधांबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी पुढे विचारालच. एलेक्साकाफ्टर, तेझाकाफ्टर आणि इवाकाफ्टर ही एकत्र गोळी अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झाली आणि तिकडच्या रुग्णांचं आयुष्य तिने बदललं. आपल्याकडे ती सहज आणि परवडेल अशा दरात मिळत नाही. मिळाली तरी जन्मतः नसलेली नळी त्याने उगवत नाही, त्यामुळे शुक्राणू काढण्याची गरज राहतेच. मूल हवं म्हणून पुरुषाने ती बंद करावी असं सहसा सांगत नाहीत. फुप्फुस प्रत्यारोपणाची चर्चा सुरू झाली असेल तर मात्र शुक्राणू आधी काढून गोठवा. नंतरच्या औषधांत बहुधा मायकोफेनोलेट हे प्रतिकारशक्ती दाबणारं औषध असतं, आणि ते चालू असताना व थांबवल्यावर ९० दिवस गर्भधारणा टाळायला सांगतात.

डॉक्टरांकडे जाताना सगळ्यात जुनी फाईल घेऊन जा, सातव्या वर्षी झालेल्या घामाच्या तपासणीच्या आकड्यासकट. तुमची जनुकतपासणी तेव्हा झाली नसेल, किंवा एकच दोष सापडून काम थांबलं असेल, तर ती पूर्ण करून घ्या. त्याशिवाय मामाच्या मुलीच्या रक्तात नेमकं काय शोधायचं ते प्रयोगशाळेला कळणार नाही.